परवावाले मिराशी सर

डॉक्टर मिराशी रोग्याच्या खाटेशी कधी उभे राहिले नाहीत. ते वॉर्डात शिरले की पहिला आवाज व्हायचा तो लोखंडी स्टूल ओढल्याचा. इतर मोठे डॉक्टर राउंडला आले की खाटेच्या पायथ्याशी उभे राहून, रोग्याविषयी रोग्याच्या डोक्यावरून बोलायचे आणि पुढे सरकायचे. सर बसायचे. डावा हात रोग्याच्या पोटावर ठेवायचे आणि गप्पा सुरू करायचे. गाव कुठलं, मुलं किती, घरी पाणी किती वाजता येतं. रोग्याला वाटायचं, काय मोकळा माणूस आहे! प्रत्यक्षात सर त्याचे श्वास मोजत असायचे. "श्वास मोजतोय असं सांगितलं की माणूस शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो," ते म्हणायचे, "मला त्याचा येडा श्वास हवा असतो."

उजवा हात खाटेच्या कठड्यावर असायचा, आणि एका दुखण्यात त्या हाताची बोटं एकेक करून मिटायची. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. ते दुखणं म्हणजे स्वादुपिंडाला अचानक येणारी सूज. जठरामागे दडलेली ही ग्रंथी एकदा चिडली की स्वतःलाच पचवायला लागते. धडधाकट माणूस गुडघे पोटाशी घेऊन गडाबडा लोळतो. त्यातले बरेचसे आठवड्याभरात मऊ भात खाऊन घरी जातात आणि काही थोडे हातचे जातात. पंचाईत अशी की पहिल्या दिवशी दोघंही सारखेच दिसतात. परदेशातल्या डॉक्टरांनी यावर एक मोजणी बसवली होती. दाखल होताना काही गोष्टी बघायच्या: वय, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, साखर वगैरे. मग पुरे दोन दिवस थांबून आणखी काही बघायच्या, आणि त्यात रक्तातलं कॅल्शियम किती उतरलं हे मोठं. जी गोष्ट हद्द सोडून गेली तिचा एक गुण. या परीक्षेत गुण मिळवणं वाईट. दोनपर्यंत ठीक, तीन झाले की धोका. सर हे गुण बोटांवर धरायचे.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. उपनगरातलं एक इस्पितळ, नाव सांगत नाही. मी तिथे प्रयोगशाळेत टेक्निशियन होते. नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा पांढरा कोट घातलेला एक बुटका, टकलू माणूस रक्ताची बाटली स्वतःच्या हातात घेऊन दारात उभा राहिला. मोठे डॉक्टर स्वतः येत नाहीत, वॉर्डबॉय पाठवतात, एवढं मला कळत होतं. म्हणून मी याला कारकून समजले आणि मान वर न करता विचारलं, "कितव्या खाटेचं?"

"खाटेला रक्त नसतं गं," तो म्हणाला. "सखाराम नावाच्या माणसाचं आहे. भांडुपला राहतो. आता लिही."

शेजारी बसलेले पेडणेकर उठून उभे राहिले तेव्हा मला कळलं की हा कारकून नव्हे. पेडणेकर आमच्या खात्यातले सगळ्यात जुने. ते सरांना घाबरायचे, आणि सर गेल्यावर त्यांची नक्कल फार छान करायचे.

सरांचं 'परवावाले डॉक्टर' हे नाव वॉर्डबॉय मंडळींनी ठेवलं होतं. नातेवाईक वॉर्डाबाहेर गाठून विचारायचे, "साब, बचेगा ना?" किंवा "डॉक्टर, काय ते खरं सांगा." सर चपला फरफटवत चालता चालता एकच उत्तर द्यायचे, "परवा विचारा." कुणी हातापाया पडलं, तरी परवा. एकदा एका नगरसेवकाचा मेहुणा दाखल झाला होता. नगरसेवक चिडून म्हणाले, "मी कोण आहे माहितीये ना?" सर म्हणाले, "माहितीये. तुम्हीसुद्धा परवा या."

आम्हाला तो आडमुठेपणा वाटायचा. बायका पदर तोंडाला लावून विचारायच्या. त्यांच्याशी दोन बरे शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं यांचं? मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा माझी जीभ जरा जास्तच चालायची, अजूनही चालते. सर चिडले नाहीत. म्हणाले, "आज मी 'वाचेल' म्हटलं की ती घरी जाऊन झोपणार, सिस्टर जरा निवांत होणार, आणि मी पण. 'जाईल' म्हटलं तरी तेच. सगळे झोपणार. मला दोन दिवस सगळे जागे पाहिजेत. आकडा म्हणजे निकाल नाही, शैला. कुणावर किती पहारा ठेवायचा ते आकडा सांगतो."

हे मला खरं पटलं ते दोन रोग्यांमुळे. दोघं एकाच सकाळी, याच दुखण्याने आले. एक झोपडपट्टीतला हमाल, दारू प्यायलेला, असा ओरडत होता की बाहेरच्या रांगेतली माणसं निघून गेली. दुसरे कापडाचे व्यापारी, गोरे, गुबगुबीत, पोटावर हात ठेवून सिस्टरशी थट्टा करणारे. सगळ्या वॉर्डाने हमालाची आशा सोडली. सरांनी दोन्ही खाटांशी स्टूल ओढलं. हमालापाशी एक बोट मिटलं. व्यापाऱ्यांपाशी तीन मिटली, आणि सरांनी त्यांची खाट उचलून सिस्टरच्या टेबलासमोर आणवली. व्यापारी रागावले, पंखा लांब गेला म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली. समोरच होते म्हणून सिस्टरच्या लगेच लक्षात आलं. महिनाभर झुंजले आणि घरी गेले. हमाल चौथ्या दिवशी बिडी मागत होता.

"ओरडणारा मरतोच असं नाही आणि हसणारा घरी जातोच असं नाही," सर हाउसमनना, म्हणजे शिकाऊ डॉक्टर पोरांना, सांगायचे. "म्हणून मोजा. पण मोजायच्या आधी बसा. उभ्याउभ्या फक्त कपडे दिसतात."

त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने त्यांनी ते स्टूल माझ्या बाबांच्या खाटेशी ओढलं.

माझं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. मुलुंडला हॉल ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. बाबा मूळचे मालवणकडचे. गिरणी सुटल्यावर विक्रोळीला एका कारखान्यात गोदाम सांभाळत होते. आमच्या कुर्ल्याच्या चाळीत माझं हे पहिलं कार्य, म्हणून त्यांनी स्वतः जिन्याचा कठडा रंगवला होता. त्या दिवशी सकाळी जेवून कामावर निघताना ते तिथेच, ओल्या रंगाला धरून, खाली बसले. घामाने भिजलेले, तोंड पांढरंफटक. आईला वाटलं हृदयाचं काहीतरी आहे. मी त्यांचे पोटाशी ओढलेले गुडघे बघितले. मला ती बसण्याची पद्धत माहीत होती.

सरांनी पोटावर हात ठेवला. नेहमीचा प्रश्न विचारला, "किती घेता?" बाबा तशा वेदनेतही दुखावले. "गळ्यात माळ आसा माझ्या," ते म्हणाले. सरांनी माळ बघितली, मान हलवली आणि म्हणाले, "मग पित्ताचा खडा असणार. तो माळकऱ्यांनाही होतो." मी मात्र कठड्यावरच्या हाताकडे बघत होते. वयाची करंगळी मिटली. रक्ताचा पहिला रिपोर्ट आल्यावर पांढऱ्या पेशींचं बोट मिटलं. मधलं बोट उभं राहिलं. मी त्या एका बोटाकडे देवाकडे बघावं तशी बघत होते.

"सर?" मी विचारलं.

"परवा," ते म्हणाले. जाताना वळून म्हणाले, "आणि हे बघ, बापाच्या रक्ताला तू हात लावायचा नाहीस. पेडणेकर करतील. लेकीला बाटलीत हवं ते दिसतं."

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. त्यात दहिसरहून काका आले. काका वाईट माणूस नव्हता, बाबांवर त्याचा फार जीव होता. घाबरला की मात्र तो लगेच कामाला लागायचा. त्याने वॉर्डाबाहेरच सभा भरवली. "दादाचं काही बरंवाईट झालं तर सुतक येणार, वर्षभर कार्य नाही. मुलाकडच्यांनी थांबायचं कशावर? आणि मुख्य म्हणजे दादाने लेकीचं लग्न न बघताच जायचं काय? कोपऱ्यावरच्या देवळात उद्या चार अक्षता टाकू. दोघांना हारासकट खाटेशी आणू. डोळ्यांनी बघून तरी जाईल."

आई नुसती रडत होती. यशवंत, म्हणजे माझे होणारे यजमान, बाकाच्या टोकाला बसून म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." पुढे आयुष्यभर ते हेच म्हणत आलेत, पण त्या दिवशी मला त्यांचा राग आला. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: मी मुंडावळ्या बांधून वॉर्डात शिरतेय आणि बाबा माझ्याकडे बघतायत. बाबा काही खुळे नव्हते. तीन आठवड्यांवरचं लग्न खाटेशी आलं म्हणजे काय, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं असतं. आपली माणसं आपल्याला सोडून मोकळी झाली, हे कळल्यावर माणूस कशाच्या जोरावर उठणार?

काका शेवटी म्हणाला, "डॉक्टर काय म्हणतात ते बघू. ते म्हणाले आशा आहे, तर थांबू. नाहीतर उद्या."

दुसऱ्या मोजणीची सकाळ उजाडली. रक्त काढायला गेला होता आमचा हाउसमन, डॉक्टर मेहता, घाटकोपरचा पोरगा, गोड स्वभावाचा. तासाभराने पेडणेकरांनी कॅल्शियमचा आकडा कागदावर लिहिला आणि कागद माझ्यापासून लपवायला लागले. मी तो ओढून घेतला. नऊ-दहा असायला हवं, आठाच्या खाली गेलं की बोट मिटतं. आकडा चार होता.

मी वॉर्डात पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. मेहताने काळजीने काकाला "जरा सीरियस आहे" म्हटलं होतं आणि काका भटजींना निरोप धाडायला निघालाही होता. सर बाबांजवळ स्टुलावर बसले होते. आकडा ऐकून त्यांनी मधलं बोट अर्धं वाकवलं आणि तिथेच थांबले.

"काय वाटतंय?" त्यांनी बाबांना विचारलं.

"माका चाय व्हयी," बाबा म्हणाले. "दोन दिवस चाय नाय."

सरांनी बाबांच्या गालावर, कानाच्या पुढे, बोटाने टिचक्या मारल्या. ओठ जागचा हलला नाही. हाताची बोटं उघडून मिटवून बघितली. मऊ. मग माझ्याकडे वळले. "चार कॅल्शियमचा माणूस चहा मागत नाही, शैला. त्याची बोटं आखडतात, टिचकी मारली की ओठ उडतो. हा माणूस आणि हा आकडा एका घरचे वाटत नाहीत." आणि बोट पूर्ण न मिटवताच, तसंच अर्धं वाकवलेलं ठेवून, ते ताडताड प्रयोगशाळेकडे निघाले. मेहता मागे, मी त्याच्या मागे.

"पेडणेकर, उरलेलं रक्त कुठाय?"

ती बाटली फेकायच्या टोपल्याशेजारी होती. साध्या बाटलीत काढलेलं रक्त थोड्या वेळात गोठतं, खरवसासारखं घट्ट होतं, हे आमच्याकडे शिपायालाही माहीत असतं. तातडीचं म्हणून पेडणेकरांनी आल्या आल्या थोडं काढून यंत्रात फिरवलं होतं, गोठायची वाट बघितली नव्हती. सरांनी बाटली माझ्या हातात दिली. "वाकडी कर."

मी वाकडी केली. इतका वेळ झाला तरी रक्त सरबतासारखं या कडेवरून त्या कडेला वाहिलं.

मग मेहता बोलला, रडवेल्या आवाजात. बाबांची शीर सापडत नव्हती. कसंबसं साखर तपासायच्या बाटलीपुरतं रक्त निघालं. पुन्हा सुई खुपसायचं त्याच्या जिवावर आलं. "शैलाबेनचे पप्पा आहेत, सर. ऑलरेडी चार वेळा टोचलं होतं." म्हणून त्याने साखरेच्या बाटलीतलं अर्धं रक्त कॅल्शियमच्या बाटलीत ओतलं. साखरेच्या बाटलीत रक्त गोठू नये म्हणून पूड असते, आणि ती पूड पहिलं काम करते ते कॅल्शियम धरून ठेवायचं. तो चार आकडा बाबांचा नव्हताच, त्या पुडीचा होता. आमच्या घरचा माणूस म्हणून केलेली मेहेरबानी होती ती. परक्या रोग्याला त्याने बिनदिक्कत पाचव्यांदा टोचलं असतं.

मला वाटलं, आता सर त्याला फाडून खाणार. सर म्हणाले, "दया खाटेशी दाखव. बाटलीशी दाखवू नकोस. चल, सुई घे."

रक्त त्यांनी स्वतः काढलं, बाबांशी देवगडच्या आंब्यांवर बोलत बोलत, आणि बाटली मुठीत धरून घेऊन आले. पेडणेकर हात पुढे करणार, तोच त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. "करायचं पेडणेकरांनी. पण गोठेपर्यंत हिच्याकडे राहू दे. हात गरम आहेत तिचे."

खरं तर माझे हात बर्फासारखे होते. मी ती बाटली दोन्ही हातांत धरून खिडकीशी उभी राहिले आणि मनातल्या मनात त्या रक्ताला विनवत होते: गोठ, बाबा, गोठ. सर मागे स्टुलावर बसून राहिले. त्यांना त्या सकाळी ओपीडी होती, बाहेर रांग लागली होती, तरी ते उठले नाहीत. मग मी बाटली हळूच वाकडी केली. रक्त जागचं हललं नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच हसले, आणि पेडणेकर माझ्याकडे बघत राहिले. कॅल्शियम अजून मोजायचंच होतं, पण गोठलेलं ते रक्त माझ्या बापाचं होतं, तिथे पुडीची लबाडी नव्हती.

आकडा साडेआठच्या वर आला. सरांनी स्वतः तपासणीच्या नळीतला रंग उजेडाकडे धरून दोनदा बघितला. मग मधलं बोट सरळ केलं, ताणून, आळस द्यावा तसं.

वॉर्डाबाहेर काका हारवाल्याशी बोलत होता. सर त्याच्यासमोर थांबले. मला माहीत होतं की हा माणूस कधीच कुणाला 'वाचेल' म्हणत नाही. फार तर 'दोन आहेत' म्हणेल आणि चपला फरफटवत जाईल. मग काकाला कोण समजावणार दोन म्हणजे काय?

"लग्न कधी आहे?" सरांनी विचारलं.

काकाने तारीख सांगितली. हॉलचं नावही सांगितलं, गोंधळून.

"मग तेव्हाच करा. कन्यादान बाप करेल."

काकाने तिथेच, हारवाल्यासमोर, त्यांचे पाय धरले. सर अवघडले. "अहो, उठा, उठा. मलाही पत्रिका द्या म्हणावं," एवढं बोलून ओपीडीकडे पळाले. मागून आईचा आवाज आला. ती बाबांना चहाबद्दल रागवत होती, पाण्याचा घोट नाही अजून आणि म्हणे चहा. बाबा म्हणत होते, "रडतंस कित्याक? मी काय मरूचंय नाय." दोन दिवसांत पहिल्यांदा ते दोघं भांडत होते. मी भिंतीला टेकून पोटभर रडले. यशवंतांनी रुमाल दिला आणि या वेळी, देवाची कृपा, काहीच बोलले नाहीत.

सर पुढे निवृत्त झाले, मुलुंडलाच राहत होते. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाबा मात्र माझी दोन्ही मुलं अंगाखांद्यावर खेळवून, पित्ताचा खडा काढून टाकून, माळ घालून, भरपूर चहा पिऊन सावकाश गेले. सरांच्या हाताखाली शिकलेले मोठमोठे डॉक्टर आज आहेत. मेहताही त्यातला एक. त्याचे विद्यार्थी सांगतात की तो आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी खाटेशी जाऊन बसतो, आणि हाताखालच्या पोरांनी भरलेली प्रत्येक बाटली आधी वाकडी करून बघतो. मी एकदा सरांना विचारलं होतं, "तुम्ही कुणालाच सांगत नाही, मग काकांना कसं सांगितलंत?" ते म्हणाले, "अगं, दोन बोटांवर कुणी एवढं बोलतं का? त्या रात्री मला झोप आली नाही. तुझं लग्न लागेपर्यंत मीच पहाऱ्यावर होतो."

ते खरं होतं. लग्नाला ते आले होते. मुलुंडच्या त्या हॉलमध्ये त्यांनी खुर्ची ओढली, तोच फरशीवरचा आवाज, आणि पहिल्या रांगेत बाबांच्या अगदी समोर बसले. बाबांचा कोट दोन्ही खांद्यांवरून उतरत होता, पायजम्याची नाडी आईने तीनदा आवळली होती, पण ते उभे होते. माझा हात यशवंतांच्या हातात देताना ते क्षणभर दम घ्यायला थांबले. मी पटकन सरांकडे बघितलं. ते आमच्या कुणाकडे बघत नव्हते. त्यांची नजर बाबांच्या छातीवर होती, श्वास मोजत होती. भटजींचं चाललं होतं, वाजंत्री वाजत होती, काका नाक शिंकरत होता. मोजून झाल्यावर सर खुर्चीत मागे टेकले. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. पाचही बोटं सरळ होती.